दुष्काळी कामापासून बेकारी भत्त्यापर्यंत : एका पावतीचा इतिहास

चेन्नईला बदलीवर येऊन मला आता काही वर्षे झाली. सकाळी इंदिरानगर स्थानकावर गाडीत बसायचे आणि बीच स्थानकाच्या दिशेने कचेरीला जायचे, हा नित्यक्रम. ही रेल्वे उंच खांबांवरून धावते, आणि वाटेत बराच वेळ हे खांब एका काळ्या, जवळजवळ न वाहणाऱ्या पाण्यात उभे असलेले दिसतात. सुरुवातीच्या दिवसांत मी शेजारच्या प्रवाशाला विचारले, हा नाला कोणता? ते वृद्ध गृहस्थ किंचित दुखावल्यासारखे होऊन म्हणाले, "नाला नव्हे, हा बकिंगहॅम कालवा. माझ्या लहानपणी यातून सरपणाच्या नावा येत असत."

त्यानंतर मी या कालव्याविषयी जमेल तसे वाचत गेलो. शहरापासून उत्तरेस एन्नोरपर्यंतचा भाग बेझिल कॉक्रेन नावाच्या व्यापाऱ्याच्या पैशातून १८०६ च्या सुमारास तयार झाला. पुढे तो दोन्ही दिशांना वाढत गेला. परंतु शहराच्या पोटातून जाणारा, कूवम आणि अड्यार या दोन नद्यांना जोडणारा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा १८७७ आणि १८७८ या दोन वर्षांत खोदला गेला. तो खोदला दुष्काळाने गाव सोडून मद्रासच्या आश्रयाला आलेल्या माणसांनी. त्या वेळच्या गव्हर्नरांचे, ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांचे, नाव कालव्याला मिळाले. खोदणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव कोठे नाही, आणि असावे अशी अपेक्षा करणेही त्या काळाच्या मानाने जास्तच होईल. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा या कालव्याने किनाऱ्यालगतच्या पुष्कळ वस्त्यांपुढे पाण्याचा जोर अडविला असे नोंदले गेले आहे. सव्वाशे वर्षांनंतरही ते श्रम कोणाच्या तरी कामी आले, एवढे समाधान.

बेकारी भत्ता, त्याचा दावा, दावा फेटाळल्यास अपील, आणि काम शोधणाऱ्यास सरकारी मदत, हे विषय आपल्याकडे पाश्चात्यांकडून उसने घेतलेले आहेत असा एक सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही ठराविक उद्योगांतील कामगारांना बेकारीचा विमा लागू झाला. त्याच कायद्यात दावा नाकारला गेल्यास पंचांच्या न्यायासनाकडे आणि त्याच्याही वर एका सर्वोच्च निवाडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याची सोय होती. परदेशात राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांवर २००८ च्या मंदीत किंवा २०२० च्या महामारीत असा अर्ज भरण्याची वेळ आली असेल, त्यांनी जे अर्ज भरले त्यांची कुळी अशा विमा कायद्यांशी जाऊन मिळते. आपल्या देशातील परंपरा मात्र निराळी आहे. ती विम्यातून आली नाही, दुष्काळी कामातून आली. काम मागणाऱ्याला आपण आजही ज्या नजरेने पाहतो ती नजर, माझ्या मते, त्या कालव्याच्या काठावर तयार झाली.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग यांवर पडला. ब्रिटिश मुलुखातच सुमारे ५५ लाख माणसे मेली असा अंदाज साधारणपणे दिला जातो. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल मद्रासला आले. या गृहस्थांची कथा कोणाही प्रशासकाने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात, त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगविले होते. मृत्यू फार थोडे झाले. पण खर्च फार झाला म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. टेंपलसाहेब धडा शिकले. वाईट इतकेच की चुकीचा धडा शिकले. मद्रासला आल्यावर त्यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा रोज ठरविला : पुरुषास एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बायका व मुलांना त्याहून कमी. दिवसभर माती खोदून आणि वाहून हे मिळायचे.

मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याविरुद्ध आवाज उठविला. कष्टाचे काम करणाऱ्यास किमान दीड पौंड धान्य, शिवाय डाळ व भाजी हवी असे त्यांचे म्हणणे होते. एका सरकारी अधिकाऱ्याने दुसऱ्या, आपल्याहून कितीतरी वरच्या, अधिकाऱ्याचा आदेश आकडेवारीनिशी खोडून काढावा हे तेव्हाही सोपे नव्हते. काही आठवड्यांनी मद्रास सरकारने कॉर्निश यांच्या मागणीच्या अर्ध्या वाटेपर्यंत येऊन सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ मान्य केली. 'मद्रास टाइम्स'चे संपादक विल्यम डिग्बी यांनी हा सारा इतिहास १८७८ मध्ये दोन खंडांत लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला कळतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवस्थेमागचा विचार लगेच ओळखू येतो. खरा गरजू कोण हे सरकारला ठाऊक नसते. घरोघरी चौकशी करणे खर्चाचे. मग मदत अशी ठेवायची की ज्याला दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही तोच ती घ्यायला येईल. त्यासाठी तीन कसोट्या होत्या. पहिली श्रमाची : अंगमेहनतीचे काम केल्याशिवाय काही मिळणार नाही. दुसरी मजुरीची : ती बाजारभावाहून कमी असेल. तिसरी अंतराची : काम घराजवळ मिळणार नाही, दहा मैलांवर जाऊन तेथेच राहावे लागेल. पाठ्यपुस्तकात याला स्वयंनिवड असे गोंडस नाव आहे, आणि एम.ए.ला असताना मी त्यावर मोठ्या उत्साहाने उत्तरे लिहिली आहेत. त्या पुस्तकांत एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली नव्हती. कसोटी जितकी कडक, तितका ती 'उत्तीर्ण' होणारा मनुष्य काम करण्यास असमर्थ असतो. दहा मैल चालून जाण्याची ताकद उरलेली नाही तो गरजू नाही, असा निष्कर्ष निघतो.

मुंबई इलाख्यातही हेच नियम आले, आणि तेथे एक अघटित घडले. १८७७ च्या आरंभी दख्खनमधील दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी आणि दूरच्या कामावर जाण्याचा हुकूम नाकारून कामे सोडली. उपाशी माणसांचा संप, असे याचे वर्णन करावे लागेल. त्यांच्या बाजूने सरकारदरबारी लेखी म्हणणे मांडण्याचे काम पुण्याच्या सार्वजनिक सभेने केले. ही सभा १८७० मध्ये स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे चालक आणि न्यायमूर्ती रानडे तिचे बुद्धिबळ. गावोगावची माहिती जमवून, मजुरीचे दर आणि धान्याचे भाव शेजारी शेजारी मांडून, सभेने सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. त्याच सुमारास, १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीला लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता. सार्वजनिक काका तेथे हातसुताच्या खादीच्या वेषात गेले, ही हकीकत आपण शाळेत वाचलेली असते. त्या वेषाइतकीच त्या पत्रांची आठवण ठेवायला हवी. भत्ता नाकारला गेलेल्या माणसाच्या वतीने केलेले मराठी मुलुखातील ते पहिले संघटित अपील म्हणता येईल.

पुढे सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. त्यावरून निरनिराळ्या प्रांतांच्या संहिता बनल्या. कलेक्टरने केव्हा चाचणी-कामे उघडावी, किती लोक आले तर दुष्काळ समजावा, मजुरी कशी ठरवावी, अशक्त व वृद्धांना फुकट अन्न केव्हा द्यावे, हे सारे त्यात लिहिलेले होते. प्रशासनाच्या दृष्टीने तो एक उत्तम दस्तऐवज आहे. त्यात अडचण एकच होती : तो कलेक्टरासाठी लिहिलेला होता, मजुरासाठी नव्हे. आपल्याला काय मिळायला हवे हे ज्याला मिळायचे त्यालाच ठाऊक नव्हते.

ही अडचण ओळखली ती लोकमान्य टिळकांनी. १८९६ च्या अखेरीस पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सार्वजनिक सभा त्यांच्या प्रभावाखाली होती. 'केसरी'तून त्यांनी संहितेतील तरतुदी सोप्या मराठीत समजावून सांगितल्या, त्यांची छापील माहिती खेड्यापाड्यांत वाटली, आणि सभेचे प्रचारक गावोगावी सभा घेऊन सांगू लागले की पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट आणि काम मागणे हा तुमचा हक्क आहे, तो सरकारच्याच पुस्तकात लिहिलेला आहे. यात राजद्रोह कोठे होता? सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखविला जात होता. तरीही काही प्रचारकांवर खटले झाले, आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारी नोकरीत तीन दशके काढल्यावर मला त्या वेळच्या अधिकाऱ्यांची अस्वस्थता समजू शकते, हे कबूल केले पाहिजे. नियमावली टेबलाच्या आपल्या बाजूला असते तोवर काम सोपे असते. तिची प्रत समोरच्याच्या हातात आली की प्रत्येक 'नाही'चे कारण द्यावे लागते.

काम शोधणाऱ्यास मदत करणारे कार्यालय ही संकल्पना त्यामानाने उशिरा आली. महायुद्ध संपताना लाखो सैनिक घरी परतणार होते. त्यांच्यासाठी १९४५ मध्ये पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये याच खात्याला सादर केला. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा पुढे आला. फाळणीनंतर सेवायोजन कार्यालये निर्वासितांसाठी खुली झाली, १९४८ पासून सर्वांसाठी. शिवराव समितीच्या शिफारशींनंतर नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. १९५९ च्या कायद्याने मालकांनी रिक्त जागा कळविणे बंधनकारक केले. कळविणे तेवढे बंधनकारक होते, तेथूनच माणूस घेणे नव्हे. तरी सरकारी नोकऱ्यांसाठी बराच काळ हाच रस्ता होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कार्यालयाकडून आलेल्या नावांखेरीज जाहिरात देऊन इतरांनाही संधी दिली पाहिजे. निर्णय न्याय्य होता. पण ज्यांनी वर्षानुवर्षे कार्डाचे नूतनीकरण करून रांगेतील आपली जागा राखली होती, त्यांच्या हाती केवळ कार्ड उरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कार्यालयांना 'करिअर सेंटर' असे नाव दिले आहे.

येथे घटनेतील अनुच्छेद ४१ चा उल्लेख करावयास हवा. राज्याने आपल्या आर्थिक मर्यादेत कामाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तजवीज करावी, असे तो सांगतो. मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात थेट जाता येत नाही. हे तत्त्व कायद्यात उतरविण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील. गांधी-विनोबांच्या विचारांचे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक. १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात, मागेल त्याला काम देण्याचा एक छोटा प्रयोग त्यांच्या प्रेरणेने झाला. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही ग्रामीण सार्वजनिक कामांचाच मार्ग सुचविला होता. १९७२ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने रोजगार हमी योजना जाहीर केली, आणि लगोलग बाहत्तरचा दुष्काळ येऊन ठेपला. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना लाल मिलो, सुकडी, खडीचे ढीग आणि पाझर तलाव आठवतील. १९७५ पासून शहरातील पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला तो याच योजनेसाठी. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला.

या कायद्याने टेंपलसाहेबांची एक कसोटी ठेवली, श्रमाची. अंतराची कसोटी उलटी केली : काम शक्यतो जवळ द्यायचे, लांब दिल्यास सोयी द्यायच्या. आणि एक संपूर्ण नवी गोष्ट केली. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारवर घातले. दिवसाला एक रुपयाहून कमी नाही, एवढाच तो भत्ता. पण शंभर वर्षे मजुराची परीक्षा घेणाऱ्या सरकारची परीक्षा घेणारे ते पहिले कलम होते.

आणि तरीही हा भत्ता क्वचितच कोणाला मिळाला. का? माझ्या समजुतीप्रमाणे सारे एका कागदावर अडले. पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? मागणी केल्याच्या तारखेपासून. मागणी केल्याचा पुरावा काय? तारखेची पावती. ती द्यायची कोणी? ज्याच्यावर पंधरा दिवसांनंतर ठपका येणार, त्यानेच. गावोगाव मजूर तोंडी काम मागत, तलाठी किंवा ग्रामसेवक "बघू, काम निघाले की सांगतो" म्हणत, आणि मागणीची नोंद काम निघाल्यानंतर, काम निघाल्याच्या तारखेला होई. कागदावर मागणी आणि पुरवठा तंतोतंत जुळत. जेथे मजूर संघटना होत्या तेथे चित्र निराळे होते. लेखी अर्ज, शंभर अंगठे, आणि पावती घेतल्याशिवाय कचेरीतून न हलणे, हे त्यांनी शिकविले. टिळकांच्या प्रचारकांचेच काम ते पुढे चालवीत होते.

२००५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला तेव्हा हा अनुभव समोर होता. म्हणून त्यात तारखेची पावती देणे बंधनकारक झाले. भत्त्याचा दर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि नंतर निम्मा ठरला. परंतु एक मेख राहिली. अकुशल मजुरीचा पैसा केंद्राच्या तिजोरीतून येणार आणि बेकारी भत्ता राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचा. राज्याने आळस करू नये हा हेतू. अर्थशास्त्राच्या परीक्षेत या रचनेला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. प्रत्यक्षात राज्याला आळस टाळण्यापेक्षा पावती टाळणे स्वस्त पडले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्याच्या बाबतीत मी तरी प्रथम पावतीचे कलम वाचीन.

शहरातल्या कामगाराची गोष्ट वेगळी, पण फार वेगळी नाही. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात तात्पुरत्या कामबंदीसाठी निम्म्या पगाराची भरपाई आली. ती मिळविण्यासाठी कामगाराने दिवसातून एकदा कारखान्याच्या दारात हजर व्हायचे. काम नाही हे ठाऊक असताना रोज दारात जाऊन ते पुन्हा ऐकून यायचे. पेरांबूरच्या प्रसिद्ध गिरणीला त्याच ड्यूकचे नाव होते, ती १९९६ मध्ये कायमची बंद पडली. २००६ मध्ये तमिळनाडू सरकारने सुशिक्षित बेकारांसाठी मासिक भत्ता सुरू केला. सेवायोजन कार्यालयात पाच वर्षे नाव नोंदलेले असले पाहिजे ही त्यातील मुख्य अट. पुढे वाढत जाऊनही पदवीधराचा भत्ता महिना ६०० रुपयांपर्यंत आला, तोही तीन वर्षेच. राज्य कामगार विम्यात २००५ मध्ये राजीव गांधींच्या नावाची आणि जुलै २०१८ मध्ये अटलजींच्या नावाची बेकारी साहाय्याची योजना आली. दुसऱ्या योजनेत नोकरी सुटलेल्या विमेदारास सरासरी रोजाच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळे. दावा पुढे पाठवायचा होता शेवटच्या मालकाने, म्हणजे ज्याने काढून टाकले त्यानेच. शिवाय मुद्रांक कागदावर प्रतिज्ञापत्र. महामारीच्या वर्षी, २०२० मध्ये, रक्कम निम्म्या रोजाइतकी झाली, मालकाच्या सहीची आणि नंतर प्रतिज्ञापत्राचीही अट गेली. लाखो लोक रस्त्यावर आल्यावर ज्या अटी आठवड्यांत गेल्या, त्या मुळात कशासाठी होत्या, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

त्याच वर्षाच्या अखेरीस एका रविवारी सौकारपेठेतून एक मराठी पितापुत्र माझ्या घरी आले. ते गलाई कामगारांपैकी. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली ही मंडळी दक्षिणेतही जागोजागी आहेत, हे महाराष्ट्र मंडळात जाणाऱ्या वाचकांना ठाऊक असेल. वडील भट्टीवर काम करणारे. मुलाने तो धंदा नको म्हणून श्रीपेरुंबुदूरकडे एका कंत्राटदारामार्फत कारखान्यात काम धरले होते. ते टाळेबंदीत सुटले. प्लास्टिकच्या पिशवीत त्याने सारे कागद आणले होते. दावा परत आला होता. कारण, विहित काळात पुरेशा दिवसांची वर्गणी नाही. तीन वर्षे सलग काम केलेल्या माणसाची वर्गणी अपुरी कशी? कागद लावून पाहिल्यावर उलगडा झाला. मध्येच कंत्राटदार बदलला होता, आणि नव्याने जुना विमा क्रमांक न विचारता नवाच क्रमांक काढला होता. अर्धे दिवस एका क्रमांकावर, अर्धे दुसऱ्यावर. दावा तपासणाऱ्या कारकुनाचे नियमाप्रमाणे काही चुकले नव्हते.

तो कागद हातात धरून बसलो असताना मला माझे जुने दिवस आठवले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे अशीच प्रकरणे निर्णयासाठी येत. विषय दुसरा होता, माणसे हीच. 'अर्जदाराने आवश्यक पुरावा सादर केलेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे,' हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेल याची मोजदाद नाही. पुरावा कोणाच्या ताब्यात आहे हे मी कधी विचारले नाही. विचारणे नियमात नव्हते, आणि महिनाअखेर निकाली प्रकरणांची संख्या वर पाठवायची असे.

आम्ही दोन्ही क्रमांक एकत्र करण्यासाठी अर्ज लिहिला. तिन्ही वर्षांच्या पगारचिठ्ठ्या, बँकेचे उतारे, दोन्ही कार्डांच्या प्रती जोडल्या. मुलगा म्हणाला, "काका, पोस्टाने पाठवू का?" मी म्हटले, स्वतः जा, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्का घेऊन ये. वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, बाहत्तरला आमची आई तलावाच्या कामावर होती बघा. मी दहा वर्सांचा आसन. पंधरा दिस भरलं का मुकादम धाच लावायचा. आई मला न्यायची मोजायला. मला आकडं येत हुतं म्हणून." मग काय व्हायचे, मी विचारले. "काय न्हाई. मी म्हणायचो पंधरा. त्यो म्हणायचा, तुझ्यापाशी कागद हाय का?"

जुन्या कंत्राटदाराकडून एक दाखला मिळवायला त्यांना तीन महिने लागले. त्याचे दार बंद, फोन बंद, आणि शेवटी तो दुसऱ्याच एका कामावर सापडला. दाखला दिल्यावर दावा मंजूर झाला. रोज पाचशेच्या आसपास मजुरी, तिच्या निम्मे, नव्वद दिवसांचे : साडेबावीस हजार रुपये. ते खात्यात जमा झाले त्या दिवशी मुलगा चेन्नईत नव्हता. घरभाडे थकल्यामुळे तो मदुराईला मामांच्या गलाईच्या दुकानात कामाला लागला होता, आणि अजून तेथेच आहे. वडील पेढे घेऊन आले. पिशवीत पेढ्यांच्या खाली शिक्का मारलेली ती दुसरी प्रत घडी घालून ठेवलेली होती. काम झाले तरी ती घरी ठेवायची की कोठे द्यायची, हे विचारायचे होते त्यांना.